लाइट-स्पोर्ट विमानाचे तास : एका पूर्वग्रहाचे खंडन

वैमानिक होण्यासाठी अमेरिकेत जाणारी आपल्याकडची मुले बहुधा फ्लोरिडा, टेक्सस किंवा ॲरिझोनातल्या एखाद्या छोट्या विमानतळावर शिकतात. तिथल्या हँगरमध्ये, आणि इकडे पुण्या-नागपुरात कर्जाचे कागद घेऊन बसलेल्या पालकांच्या बैठकीतही, एक मत फार ठामपणे ऐकू येते. लाइट-स्पोर्ट विमान भाड्याने घेऊन उड्डाणाचे तास जमवू नका. ते तास वहीत चढतात, पण त्यांना किंमत नसते. हे मत इतके रुळले आहे, की मांडणाऱ्याकडे कोणी पुरावा मागत नाही आणि मांडणाराही तो देत नाही.

हे मत चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे. छोट्या विमानांवर माझे प्रेम आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण प्रेम हा पुरावा नव्हे, हेही मी जाणतो. पुरावा पुढे ठेवतो. निवाडा वाचकांनी करावा.

वादाचा विषय आधी नीट आखून घेऊ. अमेरिकी नियमांप्रमाणे प्रायव्हेट पायलट लायसन्सला किमान ४० तास लागतात. प्रत्यक्षात बहुतेकांचे साठ-सत्तर होतात. कमर्शियल लायसन्सच्या नेहमीच्या मार्गाने, म्हणजे पार्ट ६१ खाली, एकूण २५० तास पुरे करावे लागतात. मधली दरी एकशेऐंशी-एकशेनव्वद तासांची. त्यातले काही तास इन्स्ट्रक्टर शेजारी असतो, बाकीचे मुलाने स्वतः काढायचे, आणि प्रत्येक तासाचे भाडे स्वतःच्या खिशातून भरायचे. ही दरी कोणत्या विमानावर पार करायची, एवढाच प्रश्न आहे. एका बाजूला चार आसनांचे सेसना १७२. दुसऱ्या बाजूला दोन आसनांची लाइट-स्पोर्ट विमाने : टेकनामचे पी-९२, फ्लाइट डिझाइनचे सीटीएलएस, इव्हेक्टरचे स्पोर्टस्टार, खुद्द सेसनाचे १६२ स्कायकॅचर.

आता पूर्वपक्ष, त्याच्या पूर्ण बळानिशी. तो म्हणतो : लाइट-स्पोर्ट हा हौशी लोकांचा वर्ग आहे, धंदेवाईक वैमानिकाची ती शाळा नव्हे. त्याचे रोटॅक्स इंजिन बर्फावरच्या गाड्यांच्या कारखान्यातले. त्यात मिक्श्चरची दांडी नसते, त्यामुळे पुढे मोठ्या विमानावर लागणारी सवय हाताला लागत नाही. विमान हलके असल्याने वारा त्याला फेकतो आणि उतरताना चाके मोडतात. ढगांत नेता येत नाही. दोन धडधाकट माणसे बसली की टाकी भरून घेता येत नाही. एवढे सोसून वाचणारे पैसे किरकोळ, आणि शेवटी विमान कंपनीचा माणूस अशा तासांकडे पाहून नाक मुरडणारच. असे सांगणारे लोक अडाणी नाहीत. त्यांत हजारो तास उडालेले इन्स्ट्रक्टर आहेत, आणि त्यांना मुलाचे भलेच हवे असते. म्हणून त्यांना उडवून लावणे योग्य नाही. त्यांच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर द्यायला हवे.

सुरुवात कायद्यापासून करतो, कारण तिथे वाद सर्वांत लवकर मिटतो.

अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने, म्हणजे एफएएने, लाइट-स्पोर्टचा नियम १ सप्टेंबर २००४ पासून लागू केला. जमिनीवरून उडणाऱ्या विमानाचे उड्डाणवेळचे कमाल वजन १,३२० पौंड, म्हणजे सुमारे ६०० किलो, आसने दोन, सपाट उड्डाणातला कमाल वेग १२० नॉट, फ्लॅप न सोडता स्टॉलचा (ज्याखाली पंख विमान पेलू शकत नाहीत तो) वेग ४५ नॉटच्या आत, इंजिन एक, चाके पक्की. ही झाली व्याख्या. पण लॉगबुकात तास लिहिताना जो वर्ग लिहायचा, तो या विमानांचा काय आहे? 'एअरप्लेन, सिंगल-इंजिन लँड'. सेसना १७२ चा कोणता? तोच. नियमाने या दोन विमानांच्या तासांत भेद केलेला नाही. कमर्शियलच्या २५० तासांपैकी १० तास 'कॉम्प्लेक्स', टर्बाइन किंवा 'टेक्निकली ॲडव्हान्स्ड' विमानावर शिकण्यात घालवावे लागतात. या शेवटच्या प्रकाराची व्याख्यासुद्धा पडदे, जीपीएसचा नकाशा आणि दोन अक्षांचा ऑटोपायलट यांबद्दल बोलते, वजनाबद्दल नाही. पायलट-इन-कमांड म्हणून १०० तास आणि त्यात ५० तासांची क्रॉस-कंट्री ही अट आहे. ती कोणत्या वजनाच्या विमानातून पुरी करावी, याबद्दल नियमात अवाक्षर नाही.

मग ही समजूत आली कुठून? तिला एक खरे मूळ आहे आणि ते सांगितले पाहिजे. २०१८ पर्यंत ज्या इन्स्ट्रक्टरकडे फक्त स्पोर्ट पायलट, म्हणजे प्रायव्हेटच्या खालचे मर्यादित लायसन्स, शिकवण्याचा परवाना होता, त्याने दिलेले शिक्षणाचे तास प्रायव्हेट लायसन्ससाठी धरत नसत. अडचण इन्स्ट्रक्टरच्या परवान्याची होती, विमानाची नव्हती. त्याच लाइट-स्पोर्टमध्ये नेहमीचा पूर्ण परवान्याचा इन्स्ट्रक्टर शेजारी बसला, तर तोच तास धरला जाई. २०१८ साली एफएएने हाही भेद काढून टाकला. नियम गेला, अफवा राहिली. एक भेद मात्र आजही पाळायचा आहे. भाड्याने घ्यायचे ते कारखान्यात तयार झालेले 'स्पेशल लाइट-स्पोर्ट' विमान. त्यावर पैसे घेऊन शिकवणे चालते, आणि तसे चालत असेल तर दर १०० तासांनी त्याची तपासणी बंधनकारक असते. 'एक्स्पेरिमेंटल' गटातले विमान हा वेगळा मामला आहे. भाड्याने मिळतेय म्हणून त्यात बसू नये.

कायद्यातली शेवटची गोष्ट ताजी आहे. 'मोझॅक' नावाने ओळखला जाणारा नवा नियम जुलै २०२५ मध्ये जाहीर झाला आणि त्याचा पहिला भाग २२ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. स्पोर्ट पायलटला चालवता येणाऱ्या विमानांसाठी वजनाची अट गेली. फ्लॅप न सोडता स्टॉल ५९ नॉटच्या आत हवा, ही अट आली. सेसना १७२एस चा हा वेग ५३ नॉट आहे. म्हणजे पूर्वपक्ष ज्या विमानाला 'खरे' म्हणून पुढे करतो, तेच आज एक प्रवासी घेऊन स्पोर्ट पायलट चालवू शकतो. वीस वर्षांचा अनुभव घेतल्यावर नियामकाने हा वर्ग आवळला नाही, रुंदावला. फसलेल्या प्रयोगाचे क्षेत्र कोणी वाढवते का?

कायद्यात हरल्यावर पूर्वपक्ष इतिहासाकडे वळतो. कागदावर तास मोजत असेल, पण वैमानिक घडतो तो 'खऱ्या' विमानावर, असे तो म्हणतो. इथे त्याचा पराभव अधिक मोठा आहे.

पायपर जे-३ कब हे विमान घ्या. कमाल वजन १,२२० पौंड, आसने दोन, इंजिन ६५ अश्वशक्तीचे, पंखाला कापड. २००४ ची व्याख्या त्याच्यावर लावून पाहा : आकडा न् आकडा बसतो. १९३९ ते १९४४ या काळात अमेरिकेच्या सिव्हिलियन पायलट ट्रेनिंग प्रोग्रॅममधून ४ लाख ३५ हजारांच्या आसपास माणसे उडायला शिकली, आणि त्या कार्यक्रमाचे मुख्य विमान हेच होते. टस्कीगीच्या ज्या कृष्णवर्णीय वैमानिकांनी पुढे युद्धात नाव काढले, त्यांच्या संस्थेतही उड्डाणशिक्षणाची सुरुवात याच कार्यक्रमातून झाली. एरोंका चँप १,२२० पौंडांचे, अर्कूप ४१५-सी १,२६० पौंडांचे. हीदेखील याच मापात बसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची आणि नंतरची अमेरिकेची एक अख्खी पिढी ज्या विमानांवर हात बसवून मोठी झाली, ती विमाने आजच्या भाषेत लाइट-स्पोर्टच होत. त्या पिढीचे तास आपण खोटे म्हणणार आहोत का?

अजून जवळचे उदाहरण सेसना १५० चे. जगभरच्या किती वैमानिकांनी त्यावर पहिला सोलो केला असेल! त्याला खेळणे म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. त्याचे कमाल वजन १,६०० पौंड, म्हणजे लाइट-स्पोर्टच्या मर्यादेपेक्षा २८० पौंड जास्त. आसने दोन. इंजिन कॉन्टिनेंटल ओ-२००, १०० अश्वशक्तीचे. आता त्याच कंपनीचे १६२ स्कायकॅचर पाहा. आसने दोन. इंजिन कॉन्टिनेंटल ओ-२०० याच मालिकेतले, १०० अश्वशक्तीचे. पहिल्यावरचा तास अस्सल आणि दुसऱ्यावरचा नकली, असे म्हणायचे असेल तर तो फरक त्या २८० पौंडांत, म्हणजे सव्वाशे किलोंत शोधावा लागेल. कौशल्य किलोवर मोजता येत नाही.

स्कायकॅचरचे नाव निघाले की विरोधक लगेच सांगतात, ते विमान तर बंद पडले. खरे आहे. २००७ साली त्याची घोषणा मोठ्या थाटात झाली, उत्पादन चीनमध्ये शेन्यांगला गेले, स्पिनच्या चाचण्यांत दोन विमाने गेली (दोन्ही वेळा वैमानिक वाचले), रचनेत बदल करावे लागले, किंमत सुरुवातीच्या १,०९,५०० डॉलरवरून दीड लाखाच्या घरात पोचली आणि २०१३ मध्ये कंपनीने हात वर केले. पण यातून सिद्ध काय होते? एका कंपनीचे किमतीचे आणि पुरवठ्याचे गणित चुकले, एवढेच. विक्रीतले अपयश हे शिक्षणातले अपयश नव्हे.

आणि आपल्याकडचे काय? मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकून जे. आर. डी. टाटांनी १० फेब्रुवारी १९२९ ला लायसन्स मिळवले, तेव्हा क्लबात डी हॅविलँडची मॉथ विमाने होती. पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि हिंदुस्थान यांमधले अंतर एकट्याने कापण्याच्या आगाखान बक्षिसासाठी जेआरडी जिप्सी मॉथ घेऊन उतरले. जिंकला तो सतरा वर्षांचा अस्पी इंजिनिअर, तोही जिप्सी मॉथमधूनच. वजनात मॉथ आजच्या ६०० किलोंपेक्षा थोडे जड, पण इंजिनाची ताकद शंभरेक अश्वशक्ती, आसने दोन, वेग आजच्या बहुतेक लाइट-स्पोर्टपेक्षा कमी. हाच अस्पी इंजिनिअर १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता इंजिनाकडे. बर्फावरच्या गाड्यांचे इंजिन, हा आक्षेप मला सर्वांत जास्त खुपतो, कारण तो एका उत्तम यंत्राचा अपमान आहे. ऑस्ट्रियातल्या गुन्सकिर्शन गावी ही इंजिने तयार होतात. रोटॅक्सची दोन-स्ट्रोक इंजिने त्या गाड्यांना लागत, हे खरे. पण लाइट-स्पोर्टमध्ये बहुतेक ठिकाणी बसलेले ९१२ हे चार-स्ट्रोक इंजिन विमानासाठीच आखलेले आहे. त्याच्या १०० अश्वशक्तीच्या ९१२ यूएलएस आवृत्तीची मोठ्या दुरुस्तीची मुदत २,००० तासांची आहे. याच कुळातले ९१४ इंजिन अमेरिकी हवाई दलाच्या प्रेडेटर ड्रोनला बसवले होते. आणि घराजवळ पाहायचे तर बंगळुरूच्या एनएएलने बनवलेल्या हंसा-३ या शिकाऊ विमानाला रोटॅक्सच होते, हंसा-एनजीलाही आहे. एनसीसीच्या एअर विंगमधल्या कॅडेटांना ज्या व्हायरस एसडब्ल्यू-८० विमानांतून उडवतात, त्यांत ८० अश्वशक्तीचे ९१२ असते. आपल्या एनसीसीची मुले ज्या इंजिनाच्या भरवशावर वर जातात, ते इंजिन वैमानिक घडवायला कमी कसे पडेल?

हे इंजिन आळशाला चालत नाही. १७२ च्या लायकमिंगमध्ये तेल इंजिनाच्या तळाशीच असते. झाकण उघडून पट्टी बुडवली की पातळी कळते. रोटॅक्समध्ये तेलाची टाकी वेगळी. तेल इंजिनात अडकून राहिले असेल तर पट्टी खोटी पातळी दाखवते. म्हणून उड्डाणापूर्वी इग्निशनचे दोन्ही स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रॉपेलर हाताने, फिरण्याच्या दिशेनेच, सावकाश फिरवत राहायचे. प्रत्येक सिलिंडरचा दाब हाताला जाणवतो. काही फेऱ्यांनंतर टाकीतून 'गुड्गुड्' असा आवाज येतो. तो आला की सगळे तेल टाकीत परतले; मग पट्टी पाहायची. ज्या मुलाने हे शंभर वेळा केले, त्याला इंजिनाची तब्येत बोटांनी ओळखता येते. मिक्श्चरची दांडी नाही, हे मान्य. रोटॅक्सचे कार्ब्युरेटर उंचीप्रमाणे मिश्रण स्वतःच बरेचसे सांभाळते. पण या मुलाने प्रायव्हेट लायसन्सपर्यंतचे साठ-सत्तर तास १७२ वरच काढलेले असतात. दांडीची सवय त्याला तिथे लागलेली आहे. त्याच सवयीसाठी आणखी दीडशे तासांचे जादा भाडे मोजायचे?

वाऱ्याचा मुद्दा मात्र गंभीर आहे, आणि त्यात पूर्वपक्षाचे अर्धे म्हणणे बरोबर आहे.

पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर किती वजन येते, यावर विमान झोताला किती दाद देते हे ठरते. पूर्ण वजनावर १७२एस मध्ये हा आकडा सुमारे ७१ किलो, सीटीएलएसमध्ये ६० च्या आसपास, जे-३ कबमध्ये ३३. आकडा जितका लहान, तितका धक्का मोठा. म्हणजे दुपारी ॲरिझोनाची जमीन तापल्यावर लाइट-स्पोर्ट जास्त हलणार, यात वाद नाही. शिवाय विमान हलके म्हणून पॉवर काढताच वेग झपकन उतरतो. १७२ मध्ये धावपट्टीवर तरंगत राहण्याची सवय झालेला मुलगा लाइट-स्पोर्ट त्याच पद्धतीने उतरवू लागला, तर विमान दोन-तीन फुटांवरून आदळेल. अशा घटना घडतात आणि चाकांचे सांधे मोडतात.

पण दोष कुणाचा? एका विमानाची सवय न तपासता दुसऱ्या विमानात नेण्याचा. त्यावरचा उपाय म्हणजे इन्स्ट्रक्टर शेजारी घेऊन, आडव्या वाऱ्यात, हात बसेपर्यंत केलेला चेकआउट. विमान टाळणे हा उपाय नव्हे. आणि ज्या गुणाला पूर्वपक्ष दोष म्हणतो, तोच तर शिक्षक आहे. लाइट-स्पोर्टमध्ये रडरवरचा पाय सैल सोडता येत नाही. आडव्या वाऱ्यात वाऱ्याकडचा पंख खाली आणि उलट बाजूचा रडर, ही जोडी चाके टेकल्यावरही धरून ठेवावी लागते. १७२ हे स्वभावाने क्षमाशील विमान आहे, म्हणून तर ते पहिल्या साठ तासांसाठी उत्तम. पण त्यानंतरही क्षमाच मिळत राहिली, तर पाय शिकणार कधी?

सुरक्षिततेचा हिशेब करायचाच, तर पूर्ण करावा. आदळण्याची ऊर्जा वजनाच्या आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. लाइट-स्पोर्टचे ६०० किलो आणि ४५ नॉट ही २००४ च्या व्याख्येतली वरची हद्द घेतली, आणि १७२एस चे १,१५७ किलो व ५३ नॉट घेतले, तर स्टॉलच्या वेगाला लाइट-स्पोर्टची ऊर्जा १७२ च्या चाळीस टक्क्यांहूनही कमी भरते. इंजिन बंद पडून एखाद्या शेतात उतरायची वेळ आली, तर हा फरक जिवाचा ठरू शकतो. हे गणित कुठल्याही हँगरच्या गप्पांत मी ऐकलेले नाही.

आता पैशांकडे. भाडे गावागणिक बदलते, म्हणून मी भाड्याचा आकडा देत नाही. वाचकाला स्वतः पडताळता येईल असे इंधन घेतो. १७२एस तासाला साधारण साडेआठ गॅलन एव्हगॅस पिते. रोटॅक्स ९१२ चे विमान पाचच्या आसपास. फरक साडेतीन गॅलनांचा. दीडशे तासांत ५२५ गॅलन. गॅलनमागे ६ डॉलर धरले, तर ३,१५० डॉलर केवळ इंधनात. जिथे मोटारीचे पेट्रोल विमानतळावर मिळते तिथे रोटॅक्स त्यावरही चालते. विमान नवे आणि महाग असल्याने मालक भाडे चढे लावतो, असे विरोधक म्हणतात, आणि काही ठिकाणी ते खरेही असते. तिथे लाइट-स्पोर्ट घेऊ नका. चौकशी करताना भाडे वेट (इंधनासह) की ड्राय (इंधनाविना), हॉब्सवर की टॅकवर, आणि विमा कुणाचा, हे विचारा. हॉब्स मीटर इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखा पळतो. टॅक इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, त्यामुळे टॅक्सी करताना हळू सरकतो. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन भाड्यांत यामुळे बराच फरक पडतो.

वेग कमी आहे, ही तक्रारही इथे उलटते. भाडे तासाचे, अट तासाची, मैलांची नव्हे. कमर्शियलसाठी क्रॉस-कंट्री धरायची तर ५० सागरी मैलांपेक्षा लांबच्या ठिकाणी उतरावे लागते, आणि तेवढे अंतर लाइट-स्पोर्ट सुमारे अर्ध्या तासात कापते. तास जमवणाऱ्याला याहून अधिक वेगाचे करायचे काय?

दोन माणसांच्या वजनाचा आक्षेप मी स्वीकारतो, आणि आकड्यांसह स्वीकारतो. स्कायकॅचरचे रिकामे वजन सुमारे ८३० पौंड. कमाल १,३२० मधून ते वजा केले की उरतात ४९०. टाकी भरून २४ गॅलन घेतले की १४४ पौंड त्यात गेले. उरले ३४६, म्हणजे १५७ किलो. दोन उंचपुरे तरुण आणि एक सामानाची पिशवी यांना हे पुरत नाही. पण तास जमवणारा मुलगा बहुतेक वेळ एकटाच उडतो! एकट्याला ही मर्यादा जाणवतही नाही. अडचण येते ती दोघे मित्र मिळून उडतात तेव्हा. एकाने डोळ्यांवर हूड चढवून उपकरणांकडे पाहत उडायचे, दुसऱ्याने सेफ्टी पायलट म्हणून बाहेर लक्ष ठेवायचे आणि भाडे निम्मे वाटून घ्यायचे, ही नियमाने मान्य केलेली पद्धत आहे. सेफ्टी पायलटने कमांडची जबाबदारी घेतली असेल, तर हूड चढलेला असेपर्यंत दोघांनाही पायलट-इन-कमांडचा वेळ लिहिता येतो. क्रॉस-कंट्री मात्र सेफ्टी पायलटला लिहिता येत नाही. अशा उड्डाणात टाकी अर्धी ठेवून वजनाचा हिशेब आधी कागदावर करायचा. तो हिशेब करायला शिकणे हाही वैमानिकीचाच भाग आहे. दोघांचे मिळून वजन बसतच नसेल, तर त्या दिवशी १७२ घ्यावे. यात लाइट-स्पोर्टची हार कसली?

ढगांत जाता येत नाही, हेही बहुतांश लाइट-स्पोर्टबाबत खरे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगचे खरे शिक्षण त्यासाठी प्रमाणित विमानावरच घ्यावे. पण कुणी २५० च्या २५० तास लाइट-स्पोर्टमध्येच काढा म्हटले होते? मी दरीबद्दल बोलतो आहे, आणि दरीतले बहुतेक तास स्वच्छ आकाशातले असतात.

राहिले विमान कंपनीचे नाक मुरडणे. एअरलाइनच्या लायसन्ससाठी नियमाने सांगितलेले तास असे : एकूण १,५००, त्यात क्रॉस-कंट्री ५००, रात्रीचे १००, इन्स्ट्रुमेंट ७५, पायलट-इन-कमांड २५०. वजनाचा स्तंभ यात नाही. आणि १,५०० चा हा नियम फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकालाही का लागू झाला, तेही आठवावे. १२ फेब्रुवारी २००९ ला बफेलोजवळ कोल्गन एअरचे उड्डाण ३४०७ कोसळले. विमानातली ४९ आणि जमिनीवरचा एक, अशी ५० माणसे गेली. त्यानंतर अमेरिकी संसदेने कायदा केला आणि २०१३ मध्ये नियम आला. पण त्या विमानाच्या दोन्ही वैमानिकांकडे १,५०० पेक्षा जास्त तास आधीच होते. चौकशीत कारण निघाले ते स्टॉलच्या इशाऱ्याला कॅप्टनने दिलेल्या चुकीच्या प्रतिसादाचे. वहीतला आकडा आणि विमानाचा आकार यांतून कौशल्याची हमी मिळत नाही, याचा याहून दुःखद पुरावा कोणता?

धंद्याच्या बाजूने एक सावधगिरी मात्र योग्य आहे. २५० नंतर बहुतेकांना पहिली नोकरी इन्स्ट्रक्टरची मिळते, आणि ज्या शाळेत १७२ आहेत तिथे विमा कंपनी १७२ वरचा अनुभव विचारू शकते. तेव्हा दरीतले काही तास त्या विमानावर राखून ठेवावेत. आणि जो मुलगा परत येऊन भारतीय लायसन्स घेणार आहे, त्याने हे पक्के लक्षात ठेवावे की वरचा सारा युक्तिवाद एफएएच्या नियमांवर उभा आहे. आपली विमानवाहतूक नियामक संस्था डीजीसीए स्वतःच्या नियमांनी तास तपासते. आपल्याकडे कमर्शियलला २०० तास लागतात, आणि कोणते तास धरायचे हे तिथले अधिकारी ठरवतात. लाइट-स्पोर्टचा एकही तास उडण्याआधी, आणि सेफ्टी पायलटचा एकही तास लिहिण्याआधी, त्यांचे उत्तर लेखी घ्यावे. हा लाइट-स्पोर्टवरचा आक्षेप नव्हे. परदेशात केलेल्या प्रत्येक तासाला हीच दक्षता लागते.

तेव्हा पालकांना आणि मुलांना माझी विनंती एवढीच. 'हे तास मोजत नाहीत' असे कुणी सांगितले, तर त्यांना नम्रपणे विचारा : कोणत्या देशाच्या, कोणत्या कलमाप्रमाणे? कलम दाखवले तर ते वाचा आणि त्याप्रमाणे वागा. दाखवता आले नाही, तर तो सल्ला बाजूला ठेवा, भाड्याचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा आणि चांगल्या इन्स्ट्रक्टरकडून चेकआउट घेऊन उडायला लागा.